मेज आणि थकबाकी : सांगली जिल्ह्यातील एका मंडळीत न पोचलेल्या उपदेशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा स्थानिक समाज, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या गावची. गाव, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि सभासद ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच आहे.

रविवारच्या उपासनेला दीडशेच्या आसपास माणसे असतात. त्यांतली निम्मी जुन्या मिशन घराण्यांतली. त्यांचे आजे-पणजे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या शाळांत शिकले, काहींनी मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या हॉस्पिटलात नोकऱ्या केल्या. ‘कृपा’, ‘तारण’, ‘नीतिमान ठरणे’ ही भाषा त्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांची आहे. उरलेल्यांत द्राक्षबागेत आणि उसात मजुरी करणारी कुटुंबे आहेत, आणि जतच्या पूर्व बाजूकडून आलेली, घरी कानडी बोलणारी कुटुंबे आहेत. जत तालुक्यातल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत, त्यामुळे या कुटुंबांतल्या चाळिशीपुढच्या माणसांना वाचता येत असले तर ते कानडी. बाजारापुरती मराठी सगळ्यांना येते. उपदेशाची मराठी वेगळी.

इमारत काळ्या दगडाची, कौलारू, लांबीला २० मीटरच्या आसपास. गर्दी वाढली तशी मागच्या बाजूला पत्र्याची शेड जोडली गेली. पूर्वी खाली शहाबादी फरशी होती आणि लोक सतरंज्यांवर बसत. काही वर्षांपूर्वी देणगीतून गुळगुळीत चकचकीत टाइल आली, सतरंज्या गेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पुढच्या तीन रांगा कमिटीचे सभासद, ज्येष्ठ आणि पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली. मजूर आणि कानडी कुटुंबे कामे आवरून थोडी उशिरा येतात, ती शेडमध्ये बसतात. असे कोणी ठरवलेले नव्हते, पण वर्षानुवर्षे तेच चालले होते. या प्रकरणात ही बसण्याची जागा फार महत्त्वाची ठरली.

काय घडले

जुलैचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा हा विधी; त्यालाच ‘प्रभूचे मेज’ किंवा नुसते ‘मेज’ म्हणतात. बाहेर पाऊस होता. या मंडळीत उपदेशाच्या आधी सूचना होतात. त्या दिवशी खजिनदारांनी सांगितले की पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे, आणि ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांना भाग घेता येणार नाही. सभेच्या मतदारयादीचा हा नियम जुनाच होता. पावसाळ्यात द्राक्षबागेची मजुरी कमी असते, एप्रिलची छाटणी संपलेली आणि ऑक्टोबरची दूर. थकबाकी बहुतेक मजूर कुटुंबांकडेच असते.

सूचनांनंतर लगेच उपदेश झाला. वचन होते प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातले, १७ पासून ३४ पर्यंत. पाळकांनी तयारी चांगली केली होती. त्यांची उपदेशाची वही नंतर कमिटीतल्या दोघांनी वाचली, तीत चुकीचे वाक्य एकही नव्हते. पण एक वाक्य असे होते : “जो कोणी अयोग्य रीतीने भाकर खाईल किंवा प्याला पिईल तो दोषी ठरेल, असे पौल म्हणतो तेव्हा अयोग्य माणसाने येऊ नये असे त्याला म्हणायचे आहे, असा अर्थ आपण घेता कामा नये.”

उपदेशानंतरचे गीत चालू असतानाच शेडमधली माणसे उठू लागली. नेहमी शंभराच्या वर लोक भाकर आणि प्याला घेतात, त्या दिवशी साठच्या आसपास राहिले. ऑगस्टमध्ये आणखी कमी झाले.

पाळकांना वाटले, आपल्यावर नाराजी आहे. कमिटीत दोन मते होती. काहींना हा निवडणुकीतल्या गटबाजीचा भाग वाटला, काहींनी दुसऱ्या एका पंथाची माणसे वस्तीत प्रार्थनासभा घेतात त्यांना दोष दिला. सहा आठवडे या दोन तर्कांवर गेले. उठून गेलेल्या माणसांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते.

उलगडा झाला तो बायबलबाईंमुळे, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या मंडळीच्या सेविकेमुळे. घरभेटीत द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका विधवा बाईंनी त्यांना विचारले, “बाई, मेजाला यायला किती भरायचं असतंय? निम्मं भरलं तर चालतंय का?”

त्या बाईंनी सूचना आणि उपदेश हे एकच बोलणे धरले होते. वर्गणी थकली की भाग घेता येत नाही, आणि अयोग्य माणसाने येऊ नये. मग थकलेला माणूस अयोग्य. ज्या जागी त्या बसल्या होत्या तिथून, जेवढे ऐकू आले तेवढ्यावरून, हा अर्थ सरळ निघतो.

हे वाचून मन विषण्ण होते, कारण पौलाचा तो अध्याय नेमका याच्या उलट बाजूने उभा आहे. करिंथात खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आधीच जेवून घेत होते आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत होते. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा त्याचा सवाल आहे. ‘अयोग्य रीत’ ती ही. आणि स्वतःची परीक्षा करायला सांगितल्यावर तो ‘मग थांबा’ म्हणत नाही, ‘मग खा’ म्हणतो. गरिबांना मेजाजवळ आणण्यासाठी लिहिलेले वचन गरिबांना मेजावरून उठवून गेले.

कारण शोधताना

बायबलबाईंनी पाळकांना सांगितले, पाळकांनी कमिटीची तातडीची बैठक बोलावली. पहिला प्रस्ताव आला तो नव्या साउंड सिस्टिमचा. एका दुकानदाराचे दोन लाखांच्या वरचे कोटेशन आधीच हातात होते. दुसरा आला तो सोप्या मराठीतल्या बायबल आवृत्तीचा. दोन्ही प्रस्ताव कारण कळण्याआधीचे होते. एका ज्येष्ठ शिक्षिकेने आग्रह धरला की आधी कुठे काय तुटले ते पाहावे. हा आग्रह मान्य झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

बोललेली गोष्ट समोरच्यापर्यंत चार टप्प्यांनी पोचते. आवाज कानावर पडतो, शब्द ओळखू येतात, वाक्याचा अर्थ लागतो, आणि त्या अर्थावर माणूस काही करतो. त्याच पत्राच्या १४ व्या अध्यायात हे सगळे टप्पे आहेत. कर्ण्याचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईला कोण सज्ज होईल, हा आवाजाचा प्रश्न. न समजणाऱ्या भाषेतली उपकारस्तुती ऐकून बाहेरचा माणूस ‘आमेन’ कसे म्हणेल, हा अर्थाचा आणि प्रतिसादाचा. खालचा टप्पा तुटला असेल तर वरच्यावर केलेली मेहनत वाया जाते. म्हणून तपासणी आवाजापासून सुरू झाली.

तरुण संघाने एक सोपी चाचणी घेतली. एकमेकांशी संबंध नसलेले २० शब्द कागदावर लिहिले : चूल, साखळी, वीस, शीर, पाटी असे. उपासना संपल्यावर माणसे जागेवरच बसलेली, पंखे चालू, नेहमीचाच माइक. वाचणाऱ्याने दर चार सेकंदांनी एक शब्द वाचला. लिहिता येणाऱ्यांनी लिहिले, न येणाऱ्यांच्या शेजारी एकेक मुलगा बसला आणि त्यांनी सांगितलेला शब्द त्याने टिपला. पुढच्या रांगांत १८-१९ शब्द बरोबर आले. शेडमध्ये निम्म्याच्या आसपास. रिकाम्या देवळात ही चाचणी घेऊन उपयोग नाही, कारण माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात आणि भरलेल्या जागेत घुमणे वेगळे असते. शब्द सुटे हवेत हेही महत्त्वाचे. ओळखीचे वचन वाचले तर लोक पाठांतराने पुरे करतात, कानाने नव्हे.

ऐकू न येण्याची कारणे चार निघाली.

अॅम्प्लिफायरवरचे इकोचे बटण गाण्यासाठी वाढवलेले असे, आणि उपदेशाच्या वेळीही ते तसेच राहत असे. गाण्याला त्याने भारदस्तपणा येतो, पण बोललेल्या प्रत्येक शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर पडते.

टाइल आणि प्लास्टिकमुळे आतले घुमणे वाढले होते. टाळी वाजवून तिचा नाद किती वेळ राहतो ते मोजले, तर दोन सेकंदांच्या वर भरले. बोलणे स्पष्ट कळायला तो सेकंदाच्या आसपास असावा लागतो.

शेडमध्ये दोन कर्णे टांगलेले होते आणि पुढचे मोठे स्पीकर १८-२० मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला एक-विसांश सेकंद. शेडमधल्या माणसाला कर्ण्याचा आवाज लगेच येई आणि पुढच्या स्पीकरचा तोच शब्द त्यानंतर. अंतर एवढे झाले की कान दोन आवाज वेगळे ऐकू लागतो.

चौथे कारण पत्र्यावरचा पाऊस.

त्यानंतर बोलण्याची तपासणी झाली. कोणीतरी मोबाइलवर उपदेश रेकॉर्ड केला होता, तो शेडमध्ये बसून केलेला असल्याने फारच उपयोगी पडला. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मराठीत नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतो : येणार नाही, घेऊ नये, समजता कामा नये. आणि बहुतेक वक्त्यांचा श्वास तिथेच संपतो, आवाज खाली जातो. लांब वाक्यात पोटवाक्य ठणठणीत ऐकू येते आणि ते खोडून काढणारा शेवट विरून जातो. त्या रेकॉर्डिंगमध्ये “अयोग्य माणसाने येऊ नये” हे शब्द स्वच्छ होते. “असा अर्थ आपण घेता कामा नये” हे पावसात गेले होते.

कानडी भाषांतराचे तसेच झाले होते. भाषांतर करणारे गृहस्थ मनापासून सेवा करणारे, पण उपदेशाचा मुद्दा त्यांना आधी कधीच मिळत नसे. लांब वाक्य पुरे होईपर्यंत त्यांना सुरुवात विसरून जाई, आणि जे ठळक ऐकले तेच ते सांगत. त्या दिवशी त्यांनी सांगितले की लायक नसलेल्यांनी येऊ नये. दोष त्यांच्याकडे जात नाही. दुभाष्याला काहीही हातात न देता उभे करणाऱ्या पद्धतीकडे जातो.

पर्याय

नवी साउंड सिस्टिम. मंडळीला आकर्षक वाटणारा आणि सर्वांत महाग पर्याय. घुमणाऱ्या जागेत जास्त शक्तीचे स्पीकर लावले की घुमणेही तितकेच मोठे होते. कोटेशनमध्ये जागेच्या नादाबद्दल एक ओळही नव्हती. पुढे ढकलला.

कानडी उपासना वेगळी करणे. याला बराच पाठिंबा होता, कानडी कुटुंबांतल्या दोघांचाही. पण त्यांच्याच तरुण मुलांनी विरोध केला, ती मराठी शाळेत शिकतात आणि मित्र इकडेच. शिवाय ज्या अध्यायावरून हे सगळे घडले तो एकमेकांची वाट पाहायला सांगतो. गरीब आणि कानडी माणसे मेजापासून दूर गेलेली असतानाच त्यांना वेगळी वेळ देणे हा त्या क्षणी अगदी उलटा संदेश ठरला असता. वर्षभराने पुन्हा विचार करायचे ठरले.

वेदीवरून एक खुलासा वाचून दाखवणे. सोपा, बिनखर्चाचा. अडचण एवढीच की जे उपदेश ऐकू शकले नव्हते ते खुलासाही ऐकू शकणार नव्हते, आणि बरेच जण येतच नव्हते.

सोप्या आवृत्तीचे वाचन. यावर सर्वांत तापलेली चर्चा झाली. ज्येष्ठांना नेहमीच्या आवृत्तीतली वचने पाठ आहेत, ती त्यांच्या आजारपणात आणि दुःखात सोबत करतात. ती भाषा काढून घेणे हा त्यांच्यावर अन्याय झाला असता. शेवटी मूळ वाचन त्याच आवृत्तीतून ठेवायचे आणि त्याआधी दोन वाक्यांत प्रसंग सांगायचा, असे ठरले. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायातले लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, हेच करतात : ग्रंथ स्पष्ट वाचतात आणि अर्थ सांगतात. ग्रंथ बदलत नाहीत.

केलेली कामे

पहिले काम घरोघरी गेले. पाळक, त्यांच्या पत्नी आणि बायबलबाई दोन आठवडे संध्याकाळी वस्तीत फिरले. कानडी घरांत त्यांच्याच ओळखीची एक व्यक्ती बरोबर होती. पाळकांनी प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी सांगितल्या : वर्गणीचा नियम सभेतल्या मतापुरता आहे. प्रभूच्या मेजाशी त्याचा संबंध नाही. हे आम्ही नीट सांगितले नाही, त्याबद्दल क्षमा करा. शेवटचे वाक्य कमिटीतल्या काहींना नको होते, त्याने पाळकाचा मान जातो असे त्यांचे म्हणणे. पाळकांनी ते ठेवले.

ध्वनीचे काम त्याच महिन्यात झाले. खर्च २० हजारांच्या आत बसला. कर्णे काढून शेडच्या खांबांवर सात फुटांवर दोन लहान उभे स्पीकर लावले, तोंड खाली आणि मागे, आवाज कमी. पुढच्या स्पीकरचा आवाज उतरवला आणि त्यांची तोंडे भिंतींकडून काढून माणसांकडे झुकवली. ज्यांच्याकडे डिजिटल मिक्सर आहे त्यांनी मागच्या स्पीकरला अंतराच्या दर मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद विलंब द्यावा, दोन आवाजांचा गोंधळ जातो. इथे तो नव्हता, तरी पुढचा आवाज उतरवल्याने बराच फरक पडला. इकोचे बटण उपदेश, वाचन आणि सूचना यांच्या वेळी शून्यावर. अॅम्प्लिफायरवर तशी चिठ्ठीच चिकटवली, कारण ऑपरेटर दर महिन्याला बदलतो. बेसचे बटण बोलण्याच्या वेळी खाली, त्याने पंख्याची घरघर आणि माइकवर येणारा फूत्कार कमी होतो. माइक तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर आणि थोडा बाजूला. हातभर दूर धरला की ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिटी वाजते. भिंतींना जाड पडदे, मधल्या वाटेवर आणि वेदीपुढे काथ्याच्या चटया, ख्रिस्तजन्माच्या सणाला वापरायच्या सतरंज्या पुन्हा बाहेर काढून लहान मुलांसाठी पुढे अंथरल्या.

पत्र्यावरच्या पावसाला मात्र यंत्राने उत्तर नाही. जोराच्या सरीत आवाज कितीही वाढवला तरी बोलणे कळत नाही. उत्तर होते माणसे आत आणणे. पुढच्या तीन रांगांचे आरक्षण काढले आणि वाद्यवृंदाची न वापरातली बाके हलवली, तर ४० जणांची जागा निघाली. या निर्णयाला तीन बैठका लागल्या. ध्वनीचा खर्च एका बैठकीत मंजूर झाला होता. खुर्ची सोडणे पैसे देण्यापेक्षा जड जाते, हे कमिटीतल्याच एका ज्येष्ठांनी बोलून दाखवले आणि पुढच्या रविवारी ते स्वतः शेडमध्ये जाऊन बसले.

सूचनांची जागा बदलली. त्या आता अगदी शेवटी, आशीर्वादाच्या आधी होतात. पैशाची कोणतीही सूचना प्रभुभोजनाच्या रविवारी तोंडी होत नाही. प्रत्येक सूचना आधी लिहून द्यायची आणि तीत काय, कोणासाठी, कधी, कुठे हे असलेच पाहिजे. एका वेळी जास्तीत जास्त चार. वार्षिक सभेची सूचना आता अशी असते : “रविवारी उपासनेनंतर वार्षिक सभा आहे. सर्वांनी बसावे. मत देण्याचा हक्क वर्गणी भरलेल्या सभासदांना आहे. हा नियम फक्त सभेतल्या मतदानाचा आहे.” तीच सूचना मराठीत आणि कानडीत आवाजी संदेश करून व्हॉट्सअॅपवर जाते. लिहिलेला संदेश वाचता न येणाऱ्यांपर्यंत जात नाही, आवाजी जातो.

गीतांच्या आणि वचनांच्या आकड्यांसाठीही एक नियम झाला. सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट हे घुमणाऱ्या जागेत सारखेच ऐकू येतात, आणि कानडी माणसाला मराठी आकडे शांततेतही चकवतात. आता गीत २६७ असेल तर “दोनशे सदुसष्ट, दोन-सहा-सात” असे दोन्ही प्रकारे सांगतात. वचनासाठी आधी पुस्तक, मग अध्याय, मग वचन, दोनदा, आणि पाने उलटल्याचा आवाज थांबेपर्यंत गप्प.

उपदेशाच्या बाबतीत पाळकांनी चार सवयी लावून घेतल्या. इतरांनाही त्या जशाच्या तशा उपयोगी पडतील.

एक, उपदेशाचा मुख्य मुद्दा बारा शब्दांच्या आत एका होकारार्थी वाक्यात लिहायचा आणि तो सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्याच शब्दांत म्हणायचा. शब्द बदलून म्हटले की दूरच्या श्रोत्याला ते नवे वाक्य वाटते.

दोन, चुकीचे मत खोडायचे असेल तर ते आधी पुरे उच्चारायचे नाही. “अयोग्य माणसाने येऊ नये असा याचा अर्थ नाही” याऐवजी “यायला योग्य कोण? ज्याला आपल्या पापाची जाणीव आहे आणि जो क्षमा मागतो, तो. त्याने यावे.”

तीन, वाक्याचे शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच जोराने. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे. पाळकांच्या पत्नी मागच्या खांबापाशी बसतात आणि शेवट गळला की हात वर करतात.

चार, घुमणाऱ्या जागेत मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जायचे नाही. आधी ते दीडशेच्या जवळ होते. त्यामुळे पस्तीस मिनिटांचा मजकूर बसेना, पण मजकूर कमी केल्याचे कोणालाच जाणवले नाही.

कानडीसाठी वाक्यामागून वाक्य भाषांतर सोडून दिले, कारण त्याने वेळ दुप्पट होतो आणि दोन्ही भाषांतल्या श्रोत्यांचा धागा तुटतो. आता वचनाचे वाचन मराठीनंतर कानडी बायबलमधून पुरे होते, तोंडी भाषांतर नाही. उपदेशात तीन ठरलेल्या थांब्यांवर दोन-दोन मिनिटे कानडी सार. त्याचा कागद दुभाष्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळतो, आणि शनिवारी फोनवर ते पाळकांना तोच मुद्दा उलट मराठीत सांगतात. हा उलट सांगण्याचा फोन पाच मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात बहुतेक चुका पकडल्या जातात.

प्रभुभोजनाच्या निमंत्रणाचे शब्द कायमचे लिहून ठेवले. दर वेळी तेच, सावकाश, मराठीत आणि कानडीत :

“हे मेज प्रभूचे आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्या सर्वांना तो बोलावतो. आपापले मन तपासा, क्षमा मागा, आणि या. वर्गणीचा या मेजाशी संबंध नाही. ज्यांचे दृढीकरण झालेले नाही त्यांनीही पुढे या, तुमच्यासाठी प्रार्थना होईल.”

(दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी.) वर्गणीचे चौथे वाक्य कायम ठेवावे की दोन-तीन महिन्यांनी काढावे, यावर मतभेद होता. पाहुण्यांसमोर ते विचित्र वाटते, असे काहींचे म्हणणे. महिला संघाने ते ठेवायला लावले.

शिकवणीत बदल झाला तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. “कळलं का?” असे विचारले की आपल्याकडे ‘हो’च येते. पाळकाला ‘नाही’ म्हणणे लोकांना उद्धटपणा वाटतो. आता घरसभेत बायबलबाई विचारतात, “शेजारणीने विचारलं, रविवारी काय सांगितलं, तर काय सांगशील?” दर रविवारी उपासनेनंतर तीन माणसांना, एक पुढचा, एक मधला, एक शेडमधला, हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरते. पाळक सोमवारी ती वही वाचतात. मोजमापाची इतकी स्वस्त आणि खरी पद्धत दुसरी नाही.

एक भर महिला संघाने घातली. त्यांनी मेजाच्या निमंत्रणाचा आशय ओवीच्या चालीवर बसवला आणि शेडमधल्या बायकांकडून पाठ करून घेतला. मराठी मंडळींना गाण्यातून शिकणे नवे नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजन-कीर्तनांतही हीच ताकद होती. वाचता न येणाऱ्या माणसाला ओवी जेवढी टिकते तेवढा उपदेश टिकत नाही.

परिणाम

ऑक्टोबरपर्यंत प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या जवळपास जुलैच्या आधीएवढी झाली. पाच-सहा कुटुंबे परतली नाहीत, त्यांतली दोन दुसऱ्या मंडळीत स्थिरावली आहेत. शब्दांची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा शेडमधले बरोबर शब्द २० पैकी १५-१६ वर गेले, पावसाविना. जोराच्या पावसात अजूनही फार सुधारणा नाही, म्हणून सर आली की पाळक थांबतात आणि मंडळी गीत घेते.

तीन माणसांच्या वहीतून अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पुढच्या रांगांतल्या, पिढीजात ख्रिस्ती घरांतल्या माणसांनाही उपदेशाचा मुद्दा बरेचदा सांगता येत नव्हता. शब्द सगळे ओळखीचे, म्हणून ऐकणे सुटलेले. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच गेले नसते, कारण ते ‘आमेन’ वेळेवर म्हणत होते.

वेगळे काय करता आले असते

सहा आठवड्यांचा उशीर टाळता आला असता. माणसे उठून गेली त्याच संध्याकाळी दोन घरी जाऊन विचारले असते तर ऑगस्टची घट झालीच नसती. एकदा बाजूला बसलेला माणूस दुसऱ्या महिन्यात पुढे यायला अधिक संकोचतो. परत न आलेली कुटुंबे बहुतेक या दुसऱ्या महिन्यातली आहेत.

खजिनदारांना एकट्याने दोष घ्यावा लागला, तेही टाळायला हवे होते. सूचना लिहून तपासण्याची पद्धत नसताना त्यांनी दरवर्षीचेच वाक्य म्हटले होते. चूक सूचना, उपदेश, जागा आणि भाषांतर यांच्या जोडावर झाली, आणि जोडाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. आता शनिवारी संध्याकाळी पाळक, खजिनदार, गायकप्रमुख आणि दुभाषी अर्धा तास एकत्र बसतात आणि उपासनेचा पूर्ण क्रम मोठ्याने वाचतात. हे आधीपासून असते तर सूचना आणि ११ वा अध्याय शेजारी आलेले कोणाच्या तरी कानाला खटकले असते.

वर्गणी आणि मताचा हक्क यांची सांगड मंडळीच्या घटनेत आहे, ती बदलण्याचा प्रश्न कोणी उचललेला नाही. मजुरीच्या हंगामाप्रमाणे वर्गणी भरण्याची मुभा देता येईल का, एवढा ठराव पुढच्या वार्षिक सभेपुढे आहे. कानडी उपासनेचा विषयही त्याच सभेत येणार आहे, आणि या वेळी त्याची कागदपत्रे दोन्ही भाषांत आधी वाटली जाणार आहेत.